देवाकडे मागितलं एक
इतरांना हिशेब शिकवणारी मी. गटाच्या बचतीचे, बँकेत भरायचे 3000 रुपये मुलाच्या फीला वापरले आणि दोन महिने लपवलं. थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, तर त्यांच्यावरच ओरडले. बोलणं बंद झालं.

रोज विठ्ठलाकडे पैसे मागत होते. तुकोबांनी खतं इंद्रायणीत बुडवली म्हणतात, पण ती लोकांकडची येणी होती. माझं तर देणं होतं! पैसे काही आले नाहीत. आषाढी एकादशीला जाऊबाईच भगर आणि दाण्याची आमटी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "मंगळवारच्या बैठकीत सांगून टाक. मी शेजारी बसते."

बसल्या. मला वाटतं, देवानं पाठवलं ते हेच. महिन्याला 500 प्रमाणे चार हप्ते फेडलेत, दोन बाकी आहेत.