ताल आणि पाऊल
(पालघर येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आंब्या-जांभळांच्या दिवसांत झाडावरून पडलेली, किंवा बोईसर-तारापूर रस्त्यावर वाहनाची ठोकर लागलेली मुले आपल्या शाळांना नवी नाहीत. पाय मोडतो, प्लास्टर चढते, काही आठवड्यांनी ते निघते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. आपल्या कामाचा आरंभ मात्र तेथेच होतो. हाड जुळले तरी स्नायू रोडावलेले असतात, सांधे आखडलेले असतात आणि या दोहोंहून मोठी अशी भीती मनात घर करून बसलेली असते. मूल दुखऱ्या पायावर क्षणभरच टेकते व घाईने दुसरा पाय पुढे टाकते. डोळे मिटून ऐकले तरी पावलांतील हा विषमपणा कानाला कळतो. मग सोबती चिडवितात, मूल शाळा चुकवू लागते आणि दोन महिन्यांची गैरहजेरी पुष्कळदा कायमची होऊन बसते.

अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पक्षाघात व कंपवाताच्या रुग्णांना ठरावीक ठेक्यावर चालविण्याचे प्रयोग केले. त्यांची चाल सुधारली, पावले लांब पडू लागली. ठोके समान अंतराने पडत असले की पुढचा केव्हा येणार हे कानाला आधीच उमगते आणि पाय त्या क्षणासाठी सिद्ध होतो. ते विकार मेंदूचे होते. मोडलेल्या पायाला ताल हे औषध नव्हे, व्यायामाचा सोबती होय.

प्रथम पायावर भार देण्यास डॉक्टरांची अनुज्ञा हवी. नंतर मुलाला स्वतःच्या गतीने एक मिनिट चालू द्यावे व पावले मोजावीत. ती ६० भरली तर टाळीही ६०चीच धरावी. उत्साही शिक्षक येथे कवायतीचा ठेका लावतात. तो मुलाला झेपत नाही. काही दिवस पावले सारखी पडली म्हणजे ६३ किंवा ६५ करावीत. दुखणे वाढले, सूज वा ताप आला, तर तत्काळ थांबून आरोग्य केंद्र गाठावे.

यंत्र कोणतेही नको. तारपा नाचात म्होरक्या काठी जमिनीवर आपटून जो ताल धरतो, तो वारली पाड्यांवरील मुलांच्या अंगात मुरलेलाच आहे. बोईसरच्या कारखान्यांपायी परप्रांतांतून आलेल्या मुलांसाठी दोन करवंट्या पुरतात. तारप्याचे गरगर फिरणारे रिंगण मात्र नुकत्याच सुटलेल्या पायाला फार वेगाचे. तूर्त त्यातील काठीचा ठेकाच तेवढा घ्यावा.

वर्ग लेझीम खेळत असता असे मूल ओट्यावर एकटे बसलेले मी अनेक शाळांत पाहतो. त्याच्या हाती हलगी द्या. ज्याच्या चालीला मुले हसत होती, त्याच्याच ठोक्यावर ती पावले टाकू लागतात. लेझमीतील उड्या व बैठका डॉक्टर सांगेपर्यंत त्याला वर्ज्यच ठेवाव्यात.