देखाव्यामागचा रिले
(उत्सवाच्या तयारीच्या सभेत देखावा समितीच्या वतीने केलेले भाषण)



अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहायला आपल्या घरातल्या कित्येक पिढ्या जागल्या आहेत. गिरण्या बंद पडल्या, तरी इंदुरात झांक्या निघतातच. त्यामुळे हलता देखावा नसला तर गणपती बसल्यासारखे आपल्याला वाटतच नाही.

गेल्या वर्षी आपल्या मुलांनी गंगावतरण केले. आरती सुरू झाली की पंप चालू होऊन शंकराच्या जटेतून धार पडायची, अशी योजना होती. पहिल्याच संध्याकाळी रिले नुसता टकटकत राहिला, धार काही पडेना, आणि थोड्या वेळाने अर्डुइनोची ती पिन कायमची गेली. उरलेले दिवस आम्ही आळीपाळीने पडद्यामागे बसून बटण दाबले. मुले हिरमुसली. वर "हे पोरांचे काम नव्हे" असेही आमच्यातलेच काहीजण म्हणाले. खरे तर चूक आमची होती. ज्यांना हे माहीत होते, त्या आम्ही वेळेवर सांगितले नाही. म्हणून आज सांगतो.

रिलेच्या आत लोखंडी गाभ्यावर तारेची कॉइल असते. तिच्यातून प्रवाह गेला की चुंबक तयार होतो, पट्टी ओढली जाते आणि दुसरेच सर्किट जोडले जाते. आपण वापरतो त्या पाच व्होल्टच्या लहान निळ्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण 70 ओहम, म्हणजे तिला सुमारे 70 मिलिअँपिअर हवेत. अर्डुइनो उनोच्या पिनेकडून 20 मिलिअँपिअरच घ्यावेत. 40 ही तिची शेवटची मर्यादा. 3.3 व्होल्टच्या बोर्डांच्या पिना बहुधा याहून नाजूक असतात. पिनेने निरोप द्यावा, ओझे दुसऱ्याने उचलावे.

ते ओझे ट्रान्झिस्टर उचलतो. 2एन2222 घ्या. पिनेपासून 470 ओहमचा रेझिस्टर लावून बेसला जोडा; पाच व्होल्टवर सुमारे 9 मिलिअँपिअर जातील, तेवढे पुरतात. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉइलच्या एका टोकाला, आणि कॉइलचे दुसरे टोक वेगळ्या पाच व्होल्ट सप्लायच्या धन टोकाला. बोर्डाचे आणि सप्लायचे ग्राउंड मात्र एकत्र जोडा, नाहीतर ट्रान्झिस्टरला निरोप पोचणारच नाही. बेस आणि ग्राउंड यांच्यामध्ये 10 किलोओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे बोर्ड चालू होताना रिले उगाच लागणार नाही.

आता डायोड. कॉइलचा प्रवाह अचानक तोडला की ती उलट व्होल्टेज उसळवते. कॉइल पाच व्होल्टची असली तरी ही उसळी कितीतरी पट मोठी असू शकते आणि ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. म्हणून कॉइलच्या दोन टोकांवर 1एन4007 डायोड लावा, रुपेरी पट्टा धन बाजूला. उलटा लावलात तर रिले लागणार नाही आणि ट्रान्झिस्टरही जाईल.

इथवर चूक झाली तर पार्ट जळतो. रिलेच्या पलीकडे मात्र 230 व्होल्ट आहेत, तिथे माणूस जातो. देखावा उतरवल्यावर आम्ही पाहिले, तर रिलेखालची उघडी टोके पाण्याच्या टाकीपासून वीतभर अंतरावर होती! दहा दिवस चिमुकली मुले त्याच टाकीत हात घालत होती. बाप्पाने सांभाळले, एवढेच म्हणतो.

म्हणून यंदा 230 व्होल्ट पाण्याजवळ आणायचेच नाहीत. पंप 12 व्होल्ट डीसीचा, आणि त्याचा सप्लाय मंडपाच्या मागे, कोरड्या जागी उंचावर. दिव्यांसाठी जिथे रिलेवर 230 व्होल्ट लागतील, तिथे फेज तोडायची, न्यूट्रल नव्हे. रिले बंद डब्यात, अलीकडे फ्यूज आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हे काम परवानाधारक वायरमनच करील. रिलेवर 10 अँपिअर लिहिलेले असले तरी मोटर सुरू होताना कितीतरी जास्त प्रवाह ओढते, हेही ध्यानात ठेवा.

मुलांनो, बाकी सगळे तुम्हीच करायचे. आधी पाण्याशिवाय, पंपाच्या जागी 12 व्होल्टचा बल्ब लावून शंभर वेळा चालू-बंद करून पाहा. या वेळी आम्ही शेजारी बसून असू. आणि आरतीला धार पडेल तेव्हा पडद्यामागे कोणी नसेल. आपण सगळे बाप्पासमोर उभे असू.

मंगलमूर्ती मोरया!