नव्या शाळेचं सरकार आणि खिळ्यावरची किल्ली
(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन, दारूबंदी अशा विषयांवर बोललो. त्यानंतर शाळेच्या मंत्रिमंडळाबद्दल बोलायचं म्हणजे जेवणानंतरचा हलका विषय, असं काही जणींना वाटेल. वाटू दे. थोडं ऐकून घ्या.

आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत मंत्रिमंडळ पाहिलेलं आहे. जुलैमध्ये एका दिवशी सर नावं वाचून दाखवायचे. पहिला नंबर येणारा मुलगा मुख्यमंत्री. अंगापिंडानं थोराड तो क्रीडामंत्री. मुलींना सांस्कृतिक खातं, म्हणजे रांगोळी आणि स्वागतगीत. नाहीतर स्वच्छता खातं, म्हणजे झाडू. कुणी विचारलं, असं का? तर उत्तर ठरलेलं असे, आपल्या शाळेची तशी परंपरा आहे.

नव्या शाळेत हे उत्तर देता येत नाही. तिथे परंपरा अजून व्हायची असते. पण हे दिवस फार थोडे असतात. पहिल्या वर्षी जे सोय म्हणून केलं जातं ते तिसऱ्या वर्षी रिवाज होऊन बसतं, आणि मग ते मोडायला आपल्याला मोर्चे काढावे लागतात. म्हणून माझं म्हणणं असं की, गावात नवं हायस्कूल निघत असेल तर बायकांच्या संघटनेनं पहिल्याच जूनमध्ये तिथे जाऊन बसावं.

मी सांगते ती शाळा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, पुढे मुलींच्या गोष्टी येणार आहेत. इथली बरीच घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्यातच परततात. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल सात किलोमीटरवर. मुलगे सायकलनं जात. बहुतेक मुलींची शाळा सातवीला संपे. 2022 च्या जूनमध्ये गावात माध्यमिक शाळा सुरू झाली. पत्र्याच्या तीन खोल्या, आठवी आणि नववी असे दोन वर्ग, चार शिक्षक, त्यात बाई एकच. आमच्या मंडळाचे बचत गट त्या गावात आधीपासून होते. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, नागरिकशास्त्राचा धडा मुलांकडून करवून घेऊ, तुम्ही चार शनिवार द्या.

पहिल्या शनिवारी वाद झाला तो मत कसं द्यायचं यावर. मुलगे म्हणाले, हात वर करू, लवकर आटपेल. मुली गप्प. नंतर एकजण पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “ताई, माझा चुलतभाऊ मागच्या बाकावर बसतो. हात वर केला की घरी कळंल.” ग्रामसभेत आपल्या बायका गप्प का बसतात, याचं कारण मला चौदा वर्षांच्या मुलीनं एका वाक्यात सांगितलं. तिचं नाव न घेता मी तो मुद्दा वर्गापुढे ठेवला. चिठ्ठीनं मतदान ठरलं. बिस्किटांच्या डब्याला भोक पाडून पेटी केली. एका उमेदवारानं आदल्या दिवशी गोळ्या वाटल्या, तो सरपंचाच्या भावकीतला होता. गोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या आणि तो पडला. मोठ्यांच्या निवडणुकीपेक्षा इथे अक्कल जास्त दिसली, असं मी तेव्हा सरांना म्हटलं.

मग खाती. मुलांनी वर्तमानपत्रातली सगळी खाती फळ्यावर लिहिली, गृह, अर्थ, परराष्ट्रसुद्धा. त्यातलं आपल्या शाळेला काय लागतं, असं विचारल्यावर खाती गळत गेली. उरलं पाणी, हजेरी, खेळ, सफाई, ग्रंथपेटी. हजेरीचं खातं मी कुठल्याही शाळेत पाहिलं नव्हतं. ते मुलांनाच सुचलं, कारण दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो हे त्यांना ठाऊक होतं. मुख्यमंत्री मुलगा झाला तर उपमुख्यमंत्री मुलगी, पुढच्या वर्षी उलट, असा ठराव आला. एक मुलगा उठून म्हणाला, मुलींना आरक्षण कशाला? एका मुलीनं उत्तर दिलं, आपल्या सरपंच बाईच आहेत, पण सही कोण करतं ते सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून जागा पण पाहिजे आणि कामाची वही पण आमच्याकडे पाहिजे. 1992 च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा दिल्या, आपल्या राज्यात 2011 मध्ये त्या निम्म्या झाल्या. एवढ्या वर्षांत आपण जे शिकलो तेच ती सांगत होती. जागेबरोबर दप्तर हातात आलं पाहिजे.

या सरकारचा पहिला ठराव काय होता, सांगते. मुलींच्या संडासाची किल्ली शिक्षकांच्या खोलीत असायची. मागायची कुणाकडे, तर सरांकडे, सगळ्यांसमोर. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नसत. ठराव झाला की किल्ली मुलींच्या बाकांमागे खिळ्यावर टांगावी. एका खिळ्याचं काम, खर्च काही नाही. पाळीच्या दिवसांत घरी राहणाऱ्या मुली त्यानंतर यायला लागल्या. शाळाशाळांतून सखी सावित्री समिती नेमावी असा शासन निर्णय 2022 मध्येच निघाला होता. त्याचा कागद या शाळेत पुढे कधीतरी पोचला. खिळा आधी ठोकला गेला.

सफाईच्या पाळ्या बाकांच्या रांगेप्रमाणे लागल्या, मुलगे-मुली मिळून. तिसऱ्या दिवशी एका मुलाची आई शाळेत आली, “माझ्या पोराच्या हातात केरसुणी?” तिच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता, तीही दिवसभर राबून आलेली. शाळेतल्या बाईंनी तिला बसवलं, चहा दिला आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट सांगितली. 1924 साली साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, कामं स्वतः करत. ते चालावं म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या लक्ष्मीबाईंचं नाव भाऊरावांच्या मानानं किती कमी घेतलं जातं, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे. ती आई पूर्ण पटून गेली असं नाही. पण पोराची पाळी चुकली नाही. आणि याच वर्गात पाण्याचा रांजण कुणी भरायचा हाही प्रश्न न बोलता सुटला, कारण पाळी रांगेची होती, आडनावाची नव्हती.

पाहुणे आले की मुलींनी नटून ओवाळायचं, हे मात्र सहज सुटलं नाही. शाळेच्या उद्घाटनाला संस्थेच्या लोकांना पाच सुवासिनींसारख्या पाच मुली हव्याच होत्या. मंत्रिमंडळानं ठरवलं की पाहुण्याला पाणी आणि फूल देऊ, ज्याची पाळी असेल तो देईल. संस्थेचे एक पदाधिकारी नाराज झाले. पुढच्या समारंभाला ते आले नाहीत, शाळा काही बंद पडली नाही.

मुलांचं सरकार ही नवी कल्पना नव्हे. राजस्थानात तिलोनियाच्या रात्रशाळांतून 1993 पासून मुलांची संसद भरत आली. दिवसा शेळ्या राखणारी मुलं रात्री शिकायची, मत द्यायची, आणि त्यांचे मंत्री शाळांवर लक्ष ठेवायचे. मास्तर आले नाहीत तर जाब विचारायचे. तिथल्या संसदेची पंतप्रधान शेळ्या राखणारी मुलगी झालेली आहे. कष्टाच्या घरातल्या मुलांना राज्य चालवता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आता हजेरी खात्याकडे येते. आपल्याला माहीत आहे, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो. मुलीचं लग्न झालं की तिला मागे कुणाजवळ ठेवायची ही काळजी मिटते. त्यामुळे दिवाळीच्या आसपास नववी-दहावीच्या मुलींच्या डोक्यावर अक्षता पडतात. हजेरीमंत्री मुलगी होती. तिनं नियम करून घेतला. चार दिवस कुणी आलं नाही तर दोघांनी घरी जाऊन यायचं. गेलेल्या मुलांसाठी बाकावरच्या जोडीदारानं दुसरी वही लिहायची, तिला त्यांनी जोडवही नाव दिलं. आणि दर सोमवारी प्रार्थनेनंतर फडात गेलेल्यांची नावं वाचायची, वर्गानं “गावाबाहेर आहे” म्हणायचं. पट कमी होऊ द्यायचा नाही.

2023 च्या दिवाळीनंतर दहावीतली एक मुलगी चार दिवस आली नाही. दोघी घरी गेल्या. आजी एकटी होती, दारात मांडवाचे बांबू पडले होते. मुलींनी बाईंना सांगितलं, बाईंनी आम्हाला. ग्रामसेवक हाच गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी होता. आधी त्यानं टाळलं, मग 2006 चा कायदा पुढे ठेवल्यावर आणि 1098 ला फोन गेल्यावर तो आला. लग्न थांबलं. मुलगी हंगामी वसतिगृहात राहिली, मार्चमध्ये परीक्षेला बसली. त्याच हंगामात नववीतल्या एकीचं लग्न फडावरच लागलं, आम्हाला कळलं तेव्हा ती सासरी होती. वर्गानं तिचं नाव वाचणं वर्षभर थांबवलं नाही. पट कमी करा असं सांगणारे होते, मुलांनी ऐकलं नाही. तिची जोडवही अजून ग्रंथपेटीत आहे.

इथे मला एक ठासून सांगायचं आहे. मुलांनी लग्न थांबवलं, अशा बातम्या छापून येतात, फोटोसकट. असे फोटो काढू नका. बातमी देणारी मुलगी त्याच गल्लीत राहते. मुलांनी एवढंच सांगावं की अमकी आली नाही. पुढची तक्रार, फोन, भांडण, कोर्ट ही मोठ्या बायकांची कामं. आम्ही तक्रारीत मंडळाचं नाव लिहिलं, मुलींचं कुठेही येऊ दिलं नाही. त्या दोघींच्या घरी अजून माहीत नाही.

शाळेत यंदाही जुलैच्या दुसऱ्या शनिवारी निवडणूक आहे. फडावरून आलेली मुलं तोवर गावात असतात, म्हणून तारीख मुलांनी तीच ठेवली. मतमोजणीला गावातल्या दोन बाया बसतात. आपल्यापैकी ज्यांच्या तालुक्यात यंदा नवं हायस्कूल सुरू झालंय त्यांनी त्या दिवशी यावं, ठरावांची वही बघायला मिळेल. सकाळची एसटी एकच आहे. डबा बरोबर आणा, गावात हॉटेल नाही.