इंटरनेटवरच्या मराठी लेखाला सापडेल असे शीर्षक कसे द्यावे?



१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. पुढच्या महिन्यात स्वातंत्र्य आले आणि त्या धामधुमीत ही दुर्घटना मागे पडली. आता समजा, एखाद्या लेखकाने या बोटीवर मनापासून लेख लिहिला. किनाऱ्यावरच्या गावांत फिरून, जुन्या माणसांशी बोलून, त्या वेळची वर्तमानपत्रे चाळून. एका दिवाळी अंकाने तो छापला, मग आपल्या संकेतस्थळावरही टाकला. शीर्षक दिले : 'अथांग'.

छापील अंकात हे शीर्षक शोभले असते. वर बोटीचे रेखाचित्र, खाली संपादकांच्या दोन ओळी, बाजूला लेखकाचे नाव. पान उलटणाऱ्याला विषय आपोआप कळतो. पण अलिबागकडची एखादी मुलगी, जिचे पणजोबा त्या बोटीवर होते, ती मोबाइलवर काय लिहील? 'रामदास बोट कधी बुडाली.' किंवा 'रामदास बोट दुर्घटना १९४७.' 'अथांग' असे ती जन्मात लिहिणार नाही. शोधयंत्र लेखाचा मजकूरही वाचते हे खरे, त्यामुळे हा लेख तिच्यासमोर येणारच नाही असे नाही. पण आला तरी कसा येईल? दहा दुव्यांच्या रांगेत, चित्राशिवाय, एकटा शब्द : 'अथांग'. शेजारच्या नऊ दुव्यांवर बोटीचे नाव स्पष्ट लिहिलेले. ती त्यांतल्याच एखाद्यावर बोट ठेवणार. त्या नवांतले निम्मे एकमेकांवरून उतरवलेले असतील, तरीही.

इंटरनेटवरच्या शीर्षकाची अडचण इथेच आहे. कागदावर शीर्षक लेखाच्या डोक्यावर बसलेले असते, लेखापासून सुटत नाही. इथे ते लेख घरी ठेवून एकटेच बाहेर पडते. शोधाच्या यादीत जाते, व्हॉट्सॲपच्या गटात जाते, फोनच्या पडद्यावर सूचना होऊन चमकते. जिथे जाईल तिथे आपण कोण, हे त्याचे त्यालाच सांगावे लागते. एसटीच्या पाटीवर 'एक आगळा प्रवास' असे लिहून चालत नाही, 'महाड' असेच लिहावे लागते.

आपल्याकडे शीर्षकाची परंपरा मोठी आहे. १८९७ मध्ये, पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक जेरीस आले होते, प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली होती, आणि लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'त अग्रलेखाचा मथळा आला : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आजही हा मथळा शाळकरी मुलांना पाठ असतो. पण त्याला केवढा आधार होता बघा. दर मंगळवारी येणारा अंक वाचकाच्या हातात होता. लिहिणारा कोण हे माहीत होते. सरकार कोणते आणि प्रकरण काय, हे विचारायची पुण्यात तरी कुणाला गरज नव्हती. तोच मथळा आज एखाद्या संकेतस्थळावर टाकला, तर कोणते सरकार, कुठले राज्य, कोणत्या साली, काहीच उमगणार नाही. टिळकांचा मथळा यात कुठे कमी पडत नाही. त्याच्या भोवतीचा 'केसरी' आज नाही, एवढेच. आणि आपण लिहितो तेव्हा आपल्या भोवतीही 'केसरी' नसतो, हे आपल्यापैकी बरेच जण विसरतात.

तेव्हा शीर्षक लिहिताना प्रश्न एकच : या लेखाची ज्याला गरज आहे, तो माणूस कोणत्या शब्दांत विचारील?

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याकडे मक्यावर एक नवी अळी सापडली. मूळची अमेरिका खंडातली. काही महिन्यांत ती महाराष्ट्रात पोचली. मक्याच्या पोंग्यात शिरून पाने कुरतडणारी, डोक्यावर इंग्रजी वाय उलटा केल्यासारखी खूण असलेली, शेपटीकडे चार ठिपके चौकोनात मांडलेली. आपण तिला लष्करी अळी म्हणू लागलो. आता अशा वेळी कुणी लेख लिहितो आणि मथळा देतो 'शत्रू बांधावर!' किंवा अधिक विद्वान असेल तर 'मका पिकातील विदेशी कीडप्रादुर्भाव : एकात्मिक व्यवस्थापनाचे आव्हान'. पहिल्यात पीकही नाही आणि कीडही नाही. दुसऱ्यात सगळे आहे, फक्त शेतकऱ्याचा शब्द नाही. सकाळी पोंगा उलगडून पाहिला, आत भुशासारखी विष्ठा दिसली, तो शेतकरी फोनवर बोलतो : 'मक्यावरची लष्करी अळी उपाय'. म्हणून मथळा सरळ असावा : 'मक्यावरील लष्करी अळी कशी ओळखावी, फवारणी कधी करावी'. यात काव्य नाही, मान्य. पण ज्याच्या एकरभर मक्यावर अळी पडली आहे, त्याला त्या सकाळी काव्य नको असते.

वाचकाचे शब्द कळायला फार खटाटोप लागत नाही. शोधाच्या चौकटीत 'मक्यावरील' एवढेच लिहून थांबा. खाली ज्या सूचना उघडतात, त्या लोकांनी खरोखर विचारलेल्या गोष्टींवरून आलेल्या असतात. तुमचे स्वतःचे संकेतस्थळ असेल, तर गुगलचे सर्च कन्सोल नावाचे फुकट साधन आहे. लोक काय शोधत होते तेव्हा तुमचे पान यादीत दिसले, त्याची जंत्रीच ते देते. ती जंत्री वाचणे हा लेखकाचा गर्व उतरवणारा अनुभव असतो. आपण 'मधुमेह' लिहीत बसतो, लोक 'शुगर' म्हणत असतात. मग काय करावे? मथळ्यात 'मधुमेह' ठेवा आणि पहिल्याच परिच्छेदात 'शुगर' येऊ द्या, किंवा उलट करा. दोन्ही शब्द मराठी माणसाच्याच तोंडचे आहेत, सोवळे पाळण्याचे कारण नाही.

आता आपल्या भाषेची एक खोच सांगतो. मथळा किती लांब असावा, असे सगळेच विचारतात. गुगलने अक्षरांची ठरावीक मर्यादा सांगितलेली नाही. पडद्याच्या रुंदीत मावेल तेवढे दिसते, उरलेले कापले जाते आणि पुढे तीन टिंबे येतात. इंग्रजीत क्रियापद आधी येते, म्हणून शेपूट कापली तरी अर्थ बहुधा शाबूत राहतो. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार तर त्याच्याही शेवटी. 'मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील वाहतूक उद्या दुपारी दोन तास बंद राहणार नाही.' यातले शेवटचे दोन शब्द कापून बघा. बातमी उलटी झाली! तेव्हा मराठीत नकाराचा मथळा लिहायचा तर तो आखूडच हवा : 'द्रुतगती मार्ग उद्या सुरूच'. मग पुढचा तपशील.

आखूड मथळ्याचा धडा द्यावा तर बीबीसीने. त्यांची सीफॅक्स नावाची सेवा १९७४ पासून २०१२ पर्यंत चालली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अक्षरांत बातम्या दिसत. एका ओळीत मोजकीच अक्षरे मावत, म्हणून तिथल्या माणसांना तेवढ्यातच सगळे बसवायची सवय लागली. ती सवय त्यांनी संकेतस्थळावरही नेली. २००९ मध्ये याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने त्यांचे मथळे मोजले, तेव्हा सरासरी पाच शब्द आणि चौतीस अक्षरे निघाली. पाच शब्दांत कोण, कुठे, काय. आपल्याकडच्या तार लिहिणाऱ्या पिढीलाही हे जमले असते.

आणि आपल्याकडे सध्या काय चालले आहे? ''या' जिल्ह्यांत मुसळधार पाऊस.' 'शेतकऱ्यांसाठी मोठी बातमी!' ''या' अभिनेत्रीने सांगितले ते ऐकून थक्क व्हाल.' अवतरणचिन्हात बसलेला हा 'या' मराठी पत्रकारितेला जडलेला अलीकडचा रोग आहे. अभिनेत्रीचे नाव लपवले तर कुणाचे काही बिघडत नाही, फार तर दोन मिनिटे वाया जातात. पण पावसाच्या इशाऱ्यात जिल्ह्याचे नाव लपवायचे? ज्याची सोयाबीन काढून खळ्यावर पडली आहे, त्याला चार जाहिराती ओलांडून मग 'सातारा, सांगली' कळावे, हा सरळ सरळ उद्धटपणा आहे. शिवाय धंद्याच्या दृष्टीनेही हे शहाणपणाचे नाही. 'सातारा पाऊस' असे शोधणाऱ्याला ज्या मथळ्यात साताराच नाही तो मथळा कसा पटावा? असल्या ओढून आणणाऱ्या मथळ्यांना मागे ढकलण्याचे धोरण फेसबुकने २०१४ मध्येच जाहीर केले होते. आपण ते मथळे त्यानंतर शिकलो.

उलट्या टोकाचा दोषही आहे. कुणीतरी सांगितले की शब्द हवेत, म्हणून मथळ्यात शब्दांचा ढीग : 'सातबारा, सातबारा उतारा, ऑनलाइन सातबारा, मोफत सातबारा महाराष्ट्र'. एके काळी पानाच्या पोटात असे शब्द लपवून ठेवायचीही पद्धत होती. गुगलने २००९ मध्ये सांगून टाकले की ती यादी क्रम ठरवताना आम्ही बघतच नाही. मथळ्यातला ढीगही टिकत नाही : तुमचे शीर्षक ठीक वाटले नाही, तर गुगल स्वतःच दुसरे लावून मोकळे होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ही पद्धत बदलली, आणि त्यावर ओरड झाल्यावर पुढच्या महिन्यात खुलासा केला की सुमारे ८७ टक्के वेळा पानाच्या मालकाने दिलेलेच शीर्षक आम्ही वापरतो. म्हणजे उरलेल्या वेळी ते पानावरच्या मथळ्यातून किंवा इतर कुठून उचललेले असते. आपल्या मुलाचे नाव शेजाऱ्याने ठेवू नये असे वाटत असेल, तर आपणच नीट ठेवावे.

'अथांग' मात्र वाया घालवायला नको. पानाला दोन शीर्षके देता येतात, हे पुष्कळ लेखकांना ठाऊक नसते. एक लेखाच्या वर ठळक दिसणारे, दुसरे पानाच्या आतल्या नोंदीतले, जे ब्राउझरच्या पट्टीवर आणि बहुतेक वेळा शोधाच्या यादीत दिसते. दोन्ही अगदीच वेगळी असू नयेत, नाहीतर वाचक गोंधळतो आणि यंत्रही. पण वर 'अथांग : रामदास बोटीची अखेरची फेरी' आणि आत 'रामदास बोट दुर्घटना, १७ जुलै १९४७ : काय घडले', असे खुशाल करावे. लेखकाचाही मान राहतो आणि पणजोबांना शोधणारी मुलगीही पोचते.

शेवटी एक अगदी बारीक गोष्ट, आपल्या लिपीतली. जुन्या मराठी संकेतस्थळांवर असे फाँट होते की डोळ्यांना मराठी दिसे, पण संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांची भेसूर खिचडी असे. युनिकोड आले आणि तो प्रश्न बराचसा सुटला. बराचसा म्हणतो, कारण 'शेतकऱ्यांना' या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. दिसायला अगदी सारखा, आतले सांकेतिक क्रमांक वेगळे. 'ॲप'मधल्या 'ॲ'चेही तसेच. शोधयंत्रे हा फरक सांभाळून घेतील, पण तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा साधा शोध सांभाळीलच असे नाही. म्हणून एका संपादकीय खात्यात सगळ्यांनी एकच कळफलक वापरावा. त्याचबरोबर सामान्यरूपाचेही भान ठेवावे : मथळ्यात 'पुण्याच्या' असेल, तर लेखात लवकरच एकदा निखळ 'पुणे' येऊ द्यावे.

तुमच्यापैकी जे गावाचा इतिहास लिहितात, शाळेचे वार्षिक ऑनलाइन काढतात, पिकांवर, पाककृतींवर, किल्ल्यांवर लिहितात, त्यांना माझी विनंती आहे. नवे काही लिहिण्याआधी आपले जुने लेख उघडा आणि केवळ शीर्षके वाचत जा. गावाचे नाव, माणसाचे नाव, पिकाचे नाव, साल यांतले जे लागू असेल ते नसेल, तर घाला. बदल शीर्षकातच करा, पानाचा पत्ता तसाच राहू द्या. पत्ता बदलला तर लोकांनी पूर्वी दिलेले दुवे तुटतात.