मँचेस्टरचा काळा पतंग आणि आपण

(मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलं आणि पालकांसमोर केलेलं भाषण)

 

मी इथल्या शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. त्यामुळे समितीने 'काका, दहा मिनिटं बोला' म्हटलं की मी काय बोलणार हे तुम्हांला ठाऊकच आहे. पण यंदा त्याला एक कारणही आहे.

गेल्या दिवाळीला फराळाच्या रांगेत माझ्यापुढे सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. भारतातून आलेल्या एक आजी तिला कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, इकडच्या हवेत किती उजळलीस गं!" आजी पुढे गेल्या आणि ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आपण इथेच राहिलो तर मी गोरी होणार का?" मागून लोकांची घाई चालली होती. मी "नाही गं" म्हणालो आणि प्लेट पुढे केली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मला बोचत राहिलं. नुसतं 'नाही' सांगून मास्तरचं काम होत नाही, 'का नाही' तेही सांगावं लागतं. ते आज सांगतो. उत्तरासाठी लांब जायलाही नको, ते याच गावात आहे.

इंग्लंडमध्ये एक पतंग असतो. संक्रांतीचा नव्हे बरं का, रात्री दिव्याभोवती फिरणारा! त्याचं नाव पेपर्ड मॉथ. पांढऱ्या पंखांवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके. दिवसा तो झाडाच्या खोडाफांद्यांवर निपचित बसतो. तिथल्या फिकट दगडफुलावर तो पक्ष्यांना चटकन दिसत नाही.

1848 साली मँचेस्टरमध्ये याच जातीचा एक काळाकुट्ट पतंग सापडल्याची नोंद आहे. तेव्हाचं मँचेस्टर म्हणजे गिरण्यांचं गाव. ज्यांनी लालबाग-परळची धुरांडी पाहिली आहेत, त्यांनी तशी शेकडो डोळ्यांपुढे आणावीत. धुराने दगडफूल मेलं, खोडं काजळीने काळी पडली. आणि 1895 पर्यंत मँचेस्टर परिसरातले सुमारे 98 टक्के पतंग काळे झाले होते!

आता मुलांनो, सांगा बघू, पतंग काळे का झाले? वर्गात विचारलं की हमखास उत्तर यायचं, "सर, काजळीवर बसून बसून." चूक! एकही पांढरा पतंग काळा झाला नाही. पांढरा जन्मला तो पांढराच मेला, फक्त लवकर मेला. काळ्या खोडावर तो उठून दिसायचा आणि पक्षी त्याला टिपायचे. काळा मात्र वाचायचा, अंडी घालायचा, आणि त्याची बरीचशी पिल्लं काळी निघायची.

जीवशास्त्राचे पहिले तीन धडे यातच आले. पहिला, एका जातीतले सगळे जीव सारखे नसतात. दुसरा, त्यांच्यातले काही फरक आईबापांकडून पिल्लांकडे जातात. ते नेणाऱ्या घटकांना आपण जनुकं म्हणतो. तिसरा, ज्याचा फरक त्या जागी उपयोगी पडतो त्याची पिलावळ जास्त उरते. याला म्हणतात नैसर्गिक निवड. म्हणजे बदलतो तो एकटा जीव नव्हे, पिढ्यांमागून पिढ्या त्यांची वस्ती बदलते.

मग पहिला काळा पतंग आला कुठून? लिव्हरपूलच्या शास्त्रज्ञांनी 2016 मध्ये ते शोधून काढलं. जनुकांमध्ये जागा बदलणारे काही तुकडे असतात. तसा एक तुकडा 'कॉर्टेक्स' नावाच्या जनुकात जाऊन बसला. त्यांच्या अंदाजाने ही गोष्ट 1819 च्या सुमाराची. धूर आहे म्हणून तो तुकडा तिथे गेला नाही. तो योगायोग होता. त्या योगायोगाला धुराने भाव आणला, इतकंच.

हे गणितात प्रथम मांडलं जे. बी. एस. हाल्डेन यांनी, 1924 साली. काळ्या पतंगांची पिलावळ पांढऱ्यांच्या दीडपट टिकत असावी, असं त्यांनी दाखवलं. हेच हाल्डेन 1957 मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. आपण इकडे आलो, ते तिकडे गेले!

पुढे 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला. धूर गेला, खोडं उजळली आणि चक्र उलटं फिरलं. पुढच्या दशकांत काळे पतंग घटत गेले आणि आज ते क्वचितच दिसतात. पक्षी खरंच असे निवडून खातात का, यावर बरीच वर्षं वाद झाला. शेवटी केंब्रिजला मायकेल मजेरस यांनी सहा वर्षं 4,864 पतंग सोडून पाहिलं, आणि पक्षीच ते करतात हे पक्कं झालं.

आता आपल्या त्या छोटीकडे येऊ. आपल्याकडे मुलींचे कान किती पिढ्या टोचतो आहोत? तरी एक तरी मुलगी टोचलेले कान घेऊन जन्मली का? अंगावर जे घडतं ते जनुकांत उतरत नाही. ऊन कमी असलं की कातडी थोडी उजळते, गावी गेलं की पुन्हा रापते. तेवढंच. शिवाय पतंगाची पिढी एका वर्षाची. 1848 ते 1895 म्हणजे 47 पिढ्या. माणसाच्या तेवढ्या पिढ्यांना बाराशे वर्षं लागतील. बाराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे राष्ट्रकूटांचं राज्य होतं!

पालकांनो, यात एक व्यवहाराची गोष्टही आहे. आपला रंग भरपूर उन्हासाठी घडलेला आहे. कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला इथलं हिवाळ्याचं ऊन पुरत नाही, आणि सावळ्या कातडीला तर ऊन जास्तच लागतं. आमच्या घरी एका हिवाळ्यात हिचे पाय आणि कंबर सतत दुखायची. आम्ही 'थंडी आहे, वय झालं' म्हणत राहिलो. रक्त तपासल्यावर कळलं की ड जीवनसत्त्व फारच कमी आहे. इथला सरकारी सल्ला असा, की ऑक्टोबर ते मार्च सर्वांनी रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या दक्षिण आशियाई मंडळींनी वर्षभर. एक ते चार वर्षांच्या मुलांना तर ते वर्षभर रोज द्यावं असं सांगतात. लहानपणी याची फार कमतरता झाली तर मुडदूस होतो. तेव्हा घरी जाऊन गोळ्यांची बाटली आहे का पाहा, आणि आजी-आजोबांनाही विचारा.

पतंगाला नव्या हवेत टिकायला हजारो जीव द्यावे लागले. माणसाला ती किंमत मोजावी लागत नाही, कारण आपण शिकू शकतो आणि शिकलेलं पुढे सांगू शकतो. मात्र ते सांगावं लागतं. मराठीसुद्धा जनुकांतून उतरत नाही, ती रोज बोलूनच द्यावी लागते.

आणि त्या छोट्या मैत्रिणीला, जी आज दुसऱ्या ओळीत बसून माझ्याकडे रोखून बघते आहे: नाही गं, तू गोरी होणार नाहीस. व्हायची गरजही नाही. पतंगाचा काळा रंग वाईट नव्हता आणि पांढराही चांगला नव्हता. मागचं खोड बदललं, एवढंच. तुझा रंग तुझ्या पणजीच्या पणजीने उन्हातान्हात टिकून तुझ्यापर्यंत पोचवला आहे. तो आनंदाने मिरव. आणि सकाळची गोळी विसरू नकोस!