नकाशातील रस्ता आणि चाकांची खुर्ची



शहराच्या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ. धडधाकट माणसास तेवढी पुरते. चाकांच्या खुर्चीवरून जाणाऱ्यास मात्र ती फसवते. सबंध फूटपाथ गुळगुळीत असला आणि चौकात उतरण्याच्या जागी सहा इंचांची पायरी आली, की त्याच्यापुरता रस्ता तेथेच संपला. मग मागे फिरावयाचे, नाहीतर मोटारींच्या गर्दीत खुर्ची घालावयाची.

पायरीऐवजी उतार करण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील कॅलामझू शहरात १९४५ साली असे उतार झाले. त्यासाठी खटपट करणारे वकील जॅक फिशर हे स्वतःच सैन्यात जायबंदी झालेले होते. १९९० साली त्या देशात अपंगांच्या हक्कांचा कायदाही झाला. पण उतार कोठे आहे आणि कोठे नाही, हे सांगणार कोण? मोजपट्टी घेऊन गल्लोगल्ली हिंडणे हे जिकिरीचे आणि खर्चाचे काम.

ह्यावर मेरीलँड विद्यापीठातील मंडळींनी ‘प्रोजेक्ट साइडवॉक’ नावाची तोड काढली. रस्त्यांची छायाचित्रे संगणकावर उपलब्ध असतातच. ती पाहत कोणीही घरबसल्या ‘फिरावे’ आणि खुणा कराव्यात: येथे उतार नाही, येथे खांब मधोमध आहे, येथे फरशी उखडली आहे. अडचण किती मोठी, हेही आकड्याने सांगावे. वॉशिंग्टन शहरात अठरा महिन्यांत ७९७ जणांनी २,०५,३८५ खुणा केल्या. साध्या नागरिकांनी एवढे केले, ह्याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. अर्थात छायाचित्र जुने असू शकते, आणि उभ्या मोटारीआडचा खड्डा त्यात दिसत नाही.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. अडचण म्हणजे कोणाची अडचण? हातांनी खुर्ची ढकलणाऱ्यास चढ भारी पडतो, विजेच्या खुर्चीस तोच सोपा जातो. म्हणून सिअॅटलसारख्या चढउतारांच्या शहरासाठी केलेल्या ‘अॅक्सेसमॅप’मध्ये, आपणांस किती चढ झेपेल हे ज्याने त्याने सांगावयाचे असते. अंधांची गोष्ट तर उलटीच. पायरीची कड काठीस लागली म्हणजे फूटपाथ संपल्याचे त्यांना कळते. उतार केला की ती खूण पुसली जाते. तेव्हा पायास जाणवतील अशा उंचवट्यांच्या फरश्या हव्यात. जपानात सेइइची मियाके ह्यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा येथे प्रथम बसविल्या गेल्या.

आम्हांस एक धास्ती मात्र वाटते. नकाशाने सोयीची वाट दाखवली आणि काम तेवढ्यावरच थांबले, तर मोडका रस्ता मोडकाच राहतो आणि वळसा अपंगाच्या वाट्यास येतो. त्याच खुणा नगरपालिकेच्या इंजिनिअरपुढे गेल्या, तर ती दुरुस्तीची यादी होते. आमच्या मते नकाशा आधी ह्या यादीसाठी हवा.

आपल्याकडेही २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या निकषांप्रमाणे फूटपाथची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी आणि चालण्यास किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी. दोन्ही गोष्टी शिंप्याच्या टेपनेही मोजता येतात. व्याख्यान संपल्यावर ह्या सभागृहाच्या फाटकापासून पुढच्या चौकापर्यंत मोजून पाहावयाचे असेल, तर टेप आम्ही बरोबर आणली आहे.