‘आपण फेडू’ म्हणजे नक्की कोण फेडणार?

(दिवाळीच्या विक्रीसाठी मुंबई उपनगरांत जाणाऱ्या गटांच्या तयारी बैठकीत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सकाळी पॅकिंग, लेबल आणि वजनकाट्याबद्दल बोलणं झालं. माझ्याकडे विषय आलाय तो बोलण्याचाच. आपण काहीतरी बोलतो, समोरची त्याचा काहीतरी अर्थ लावते. तो अर्थ कुठून येतो? नुसत्या शब्दांतून येतो का? विक्रीच्या स्टॉलवर आणि गटाच्या बैठकीतही ह्या प्रश्नावर पैसा आणि मैत्री दोन्ही अडकलेली असतात, म्हणून आज तुमचा अर्धा तास घेते.

‘वाढ’ हा एकच शब्द घ्या. सासूबाई म्हणाल्या, ‘वाढ गं,’ तर तुमचा हात भाताच्या पातेल्याकडे जातो. नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढवली म्हणजे ती फुटली किंवा उतरवली. रात्री वाणी दुकान वाढवतो म्हणजे बंद करतो. आणि बँकेने कर्जाची मुदत वाढवली, तर ती मात्र खरोखरच वाढवली! शब्द एक, अर्थ पाच. तरी तुमचा घोटाळा होत नाही. कारण कोण बोलतंय, कुणाशी, कुठे आणि कशासाठी, हे तुम्ही मनातल्या मनात बघता आणि मग अर्थ लावता. हे कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही. सही करता न येणाऱ्या आजीलाही हे येतं.

ह्या गोष्टीचा अभ्यास करणारं एक शास्त्र आहे, इंग्रजीत त्याला प्रॅग्मॅटिक्स म्हणतात. नाव परकं असलं तरी विचार आपल्याकडेही जुना आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मट नावाचे पंडित होऊन गेले. त्यांच्या ‘काव्यप्रकाश’ ह्या ग्रंथात एक उदाहरण येतं. सूर्य मावळल्याची साधी खबर कुणी दिली, तर गुराखी समजतो की गुरं घराकडे वळवायची. काम करणारा समजतो की आता काम थांबवायचं. पूजा करणारा समजतो की संध्येची वेळ झाली. आणि विक्रीला बसलेला समजतो की माल आवरायचा. वाक्य तेच, पण ऐकणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे निरोप बदलला.

अलीकडच्या काळात दोन तत्त्वज्ञांनी ह्यावर फार उपयोगी काम केलं. दोघेही इंग्लंडचे. पहिले जे. एल. ऑस्टिन. त्यांनी १९५५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानं दिली, त्यांचं पुस्तक ते गेल्यानंतर १९६२ मध्ये निघालं. त्यांचं म्हणणं असं की बोलणं म्हणजे दर वेळी माहिती देणं नसतं, काही वेळा बोलणं हेच काम करणं असतं. अध्यक्ष बैठकीत म्हणाल्या, ‘ठराव मंजूर,’ की ठराव मंजूर होतो. तेच दोन शब्द मी इथे दहा वेळा म्हटले तरी काहीही मंजूर होणार नाही. योग्य माणूस, योग्य जागा, योग्य वेळ असेल तरच शब्द काम करतो.

दुसरे एच. पी. ग्राइस. त्यांनी १९६७ साली हार्वर्डमध्येच सांगितलं की संवादात दोघं एकमेकांना सहकार्य करतायत असं आपण धरून चालतो. मी विचारलं, ‘उद्या मीटिंगला येणार ना?’ तुम्ही म्हणालात, ‘पोराला ताप आहे.’ तुम्ही ‘नाही’ म्हटलेलंच नाही. पण मी समजते, कारण तुमचं उत्तर माझ्या प्रश्नाला धरूनच असणार असा माझा विश्वास आहे. न बोललेलं बोलणं असं पोचतं.

आता हे घेऊन मुंबईला जाऊ.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी कल्याणकडून लोकलने मुलुंड, घाटकोपरला उतरतील. काही जणी घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला आणि तिथून पुढे बोरिवलीला जातील. लेडीज डब्यात तुम्हाला जागा मिळाली, की समोर उभी असलेली बाई विचारेल, ‘कुठे उतरणार?’ ती तुमची चौकशी करत नाहीये. तिला तुमच्यानंतर ती जागा हवी आहे. तुम्ही ‘घाटकोपर’ म्हणालात, की ती जागा तिला देण्याचा शब्द तुम्ही दिलात असं सगळा डबा धरून चालतो. घाटकोपर आल्यावर ती जागा तुम्ही आपल्या मैत्रिणीला दिलीत, तर भांडण नक्की! तुमच्या मनात गावाचं नाव सांगणं होतं, त्यांच्या हिशोबात तो वायदा होता. गर्दीच्या वेळी विरार गाडीत ‘बोरिवली’ म्हणालात तर आणखी वेगळं. तिथे तिचा अर्थ होतो, लांब जाणाऱ्यांच्या गाडीत तुम्ही जवळच्या कशाला चढलात? शब्द स्टेशनचाच, पण गाडी बदलली की अर्थ बदलला.

स्टॉलवर बघा. गिऱ्हाईक विचारेल, ‘चकली कशी दिली?’ तिला कृती नको आहे, भाव हवा आहे. ‘काय भाव लावलाय?’ हा प्रश्न आहे. ‘काय भाव लावलाय!’ ही तक्रार आहे. फरक फक्त आवाजात आहे, तेव्हा कान तिकडे ठेवा. ‘जरा पुढे बघून येते’ म्हणाली तर बहुतेक वेळा ती परत यायची नाही, पण तिने तुमचा मान राखून नकार दिलाय. तुम्हीही हसून ‘या ताई’ म्हणा, म्हणजे पुढच्या वर्षी ती थांबेल. मुलुंड, घाटकोपरला गुजराती गिऱ्हाईक पुष्कळ. तिथे ‘तिखट आहे का?’ ह्या प्रश्नाला नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही. तुमचं ‘नाही’ आणि तिचं ‘नाही’ ह्यांत दोन मिरच्यांचा फरक असतो. तुकडा चाखायला द्या.

आणखी एक गोष्ट मनाला लागू शकते, म्हणून आधीच सांगते. गावात ‘मावशी’ म्हणजे आईची बहीण. शहरात घरकामाला येणाऱ्या बाईंनाही ‘मावशी’ म्हणतात. गिऱ्हाईक ‘मावशी’ म्हणाली, तर ते प्रेमाने आहे की तोऱ्याने, हे पुढच्या क्रियापदावरून कळतं. ‘मावशी, द्या ना’ वेगळं आणि ‘ए मावशी, दे’ वेगळं. ‘बाई’ शब्दाचंही तसंच. ‘बाई आल्या’ म्हटलं की वर्गातली पोरं गप्प बसतात. ‘आज बाई आली नाही’ म्हटलं की घरात भांड्यांचा ढीग दिसतो. आपल्या मराठीत मान शब्दापेक्षा क्रियापदात जास्त असतो. आपणही हे पाळायचं. शेजारच्या भाजीवाल्याला हिंदीत ‘भैया’ म्हटलं तर तो भाऊ झाला. तोच शब्द हिणवण्याच्या सुरात वापरला तर ती शिवी झाली. आपण स्टॉलवर भाऊच म्हणू.

आता मुंबई बाजूला ठेवू आणि आपल्या बैठकीच्या सतरंजीवर येऊ. खरं महत्त्वाचं इथे आहे.

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही ‘हम’ म्हटलं की दोन्ही आले. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणारीला सोडून. ‘आपण’ म्हणजे ऐकणारीला धरून. गुजरातीतही असा फरक आहे. पण आपला ‘आपण’ फसवाही आहे. कधी तो ‘तू आणि मी’ असतो, कधी बँकेतले साहेब म्हणतात ‘आपण इथे सही करावी’ तेव्हा तो फक्त ‘तुम्ही’ असतो, आणि कधी ‘आपण नाही बाबा कुणाच्या भानगडीत पडत’ म्हणताना तो फक्त ‘मी’ असतो.

मी जाते त्यांतल्या एका गटातली गोष्ट सांगते, नाव कोणाचंच घेत नाही. एका ताईंनी शिलाई मशीनसाठी गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलं. देताना कुणीतरी विचारलं, ‘पावसाळ्यात काम नसलं तर?’ ताई म्हणाल्या, ‘आपण फेडू की.’ सचिव म्हणाल्या, ‘बघू, सांभाळून घेऊ.’ चहा झाला, बैठक संपली. जुलै-ऑगस्टचे दोन हप्ते थकले. गट म्हणाला, हिने शब्द मोडला. ताई म्हणाल्या, तुम्हीच सांभाळून घेऊ म्हणाला होतात. बहिणीसारख्या दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ह्यात खोटं कोण बोललं? कुणीच नाही. ताईंच्या ‘आपण’मध्ये गट होता. ऐकणाऱ्यांनी त्यात फक्त ताईंचं घर धरलं. सचिवांचं ‘सांभाळून घेऊ’ हे धीर देणं होतं, ताईंनी ते वचन म्हणून ऐकलं. शेवटी सगळ्या वही घेऊन बसल्या आणि लिहिलं: जुलै-ऑगस्टला फक्त व्याज, सप्टेंबरपासून मुद्दल. चार ओळींत भांडण मिटलं. त्याच चार ओळी कर्ज देताना लिहिल्या असत्या तर महिनाभराचा अबोला वाचला असता.

१९९२ साली नाबार्डने ५०० गटांपासून बँक जोडणीची सुरुवात केली, तेव्हा कल्पनाच ही होती की ज्या बाईकडे गहाण ठेवायला काही नाही, तिच्यासाठी गटाचा शब्द पुरेल. आपलं भांडवलच शब्द आहे. मग तो मोघम ठेवून कसं चालेल?

ह्याहून जड शब्द म्हणजे ‘जामीन’. बाहेरच्या कर्जाला कुणी म्हणतं, ‘फक्त सही कर गं, नावापुरती.’ ऑस्टिन काय म्हणाले ते आठवा. ही सही म्हणजे माहिती नाही, ते काम आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे वसुलीवाला थेट तुमच्या दारात येऊ शकतो. मैत्रिणीच्या तोंडी ‘नावापुरती’ असलेली सही कायद्याच्या तोंडी पूर्ण रकमेची असते. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, पण अर्थ मैत्रिणीचा धरू नका, कागदाचा धरा.

आणि शेवटची गोष्ट गप्प बसण्याची. बैठकीत विचारतात, ‘कुणाची हरकत नाही ना?’ प्रश्नच असा घातलाय की गप्प बसलं म्हणजे होकार. घरात मोठ्यांसमोर गप्प बसणं हा मान असतो, लग्नाच्या बोलणीत पोरीची लाज समजतात, पण इतिवृत्तात तेच ‘सर्वानुमते मंजूर’ होतं. दारूचं दुकान बंद करण्यासाठी गावात महिलांचं मतदान होतं, ते तुम्हाला माहीत आहे. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. २००८ च्या नियमाप्रमाणे तिथे आलेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे जी घरी बसली, तिच्या मनात काही का असेना, तिच्या गप्प बसण्याचा फायदा उभ्या बाटलीला झाला.

मग करायचं काय? दर शब्दाची झडती घ्यायची नाही, नाहीतर घरात राहणं मुश्कील होईल! निघताना कुणी ‘येते’ म्हणाली, तर ‘परत कधी येणार?’ असं विचारायचं नसतं. आपलं निम्मं प्रेम आणि सगळी लाजभीड न बोललेल्यातच असते, ती तशीच राहू दे. पण जिथे पैसा, सही किंवा हक्क आहे, तिथे तीन प्रश्न तोंडाने विचारायचे: कोण? किती? कधीपर्यंत? ‘बघू’ म्हणालात, म्हणजे कोण बघणार, कधीपर्यंत? ‘आपण फेडू’ म्हणालात, म्हणजे कोण, महिन्याला किती? साहेब म्हणाले ‘नंतर या’, तर कोणत्या तारखेला, कुणाला भेटायचं? असं विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. ‘मला नीट समजलं का बघते हं’ एवढं पुढे लावलं, की कुणाला राग येत नाही.

अध्यक्ष आणि सचिवांना एक विनंती. पुढच्या बैठकीत ‘हरकत नाही ना?’ असं न विचारता प्रत्येकीचं नाव घेऊन ‘तुला काय वाटतं?’ असं विचारा. दहा-बारा जणींना दहाच मिनिटं लागतात. नव्या सुनेपासून सुरुवात करा, कारण मोठ्या आधी बोलल्या की ती बोलत नाही. आणि उठायच्या आधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. कुणी म्हणाली, ‘मी असं म्हटलं नव्हतं,’ तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. वही बंद झाल्यावर तिचा अर्थ लावणाऱ्या दुसऱ्याच असतात.

स्टॉलसाठी सगळ्यांना शुभेच्छा. विक्री चांगली होऊ दे.